केशरी फितीचं पदक

टोम्मा साथॉफच्या घरी चहाला जाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कप रिकामा झाला की ती न विचारता पुन्हा भरते. पुरे झाला असेल तर चमचा कपात उभा करायचा. तोंडाने नको म्हटलेलं ती मानत नाही, चमचा मानते. आमच्या पूर्व फ्रिसलंडात सगळीकडे असंच चालतं, पण टोम्माकडे जरा जास्तच.

उभं आयुष्य तिने गावातलं औषधांचं दुकान चालवलं. निवृत्त झाल्यावर बायका बाग करतात, हिने पदकांचा नाद लावून घेतला. जमवण्याचा नव्हे. जुन्या बाजारात कुणाच्या तरी छातीवरची पदकं गंजक्या चमच्यांसोबत ढिगात पडलेली दिसली की तिचा जीव खालीवर व्हायचा. "कुणाची आहेत ते नको बघायला?" म्हणत ती घेऊन यायची. आम्हा जर्मनांना जगातल्या सगळ्याची नोंद ठेवायची हौस, पण पदकावर सैनिकाचं नाव कोरायचं तेवढं आम्हाला सुचलं नाही. त्यामुळे एका पट्टीवर शेजारी शेजारी शिवलेल्या पदकांवरून तिला माणूस हुडकावा लागे. एकेक पदक हजारोंना मिळालेलं असतं. पण हे, ते आणि तिसरं एकाच छातीवर मिरवणारा पंचक्रोशीत एखादाच निघतो. तो सापडला की पट्टी त्याच्या नातवंडांना पोचवायची, हा तिचा हट्ट. मी तिचा शेजारी, म्हणजे चहा प्यायचा आणि ऐकायचं, एवढंच माझं काम.

हाब्बो आयलर्स आमच्याच वर्गातला, आता गावच्या नेमबाजी मंडळाचा अध्यक्ष. सप्टेंबरात तो आला तो रुमालात काहीतरी गुंडाळून, दारातच आमच्याकडचा नमस्कार घालत.

"मोइन. ही बघ, ओक्कोआजोबांची पदकं. नोव्हेंबरात युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा रविवार येतो ना, त्या दिवशी मंडळाच्या काचेच्या कपाटात ठेवतोय. खाली त्यांच्या नावाची पितळी पाटी. तू फक्त कुठलं कशाचं तेवढं सांग."

टोम्माने चष्मा वर सरकवला. "हा लोखंडी क्रॉस, पहिल्या युद्धातला. हा शेवटचा, चौतीस साली जुन्या सैनिकांना वाटला तो. आणि मधे केशरी फीत, पांढऱ्या कडा. हे लढाईचं नाही, हाब्बो. जिवावर उदार होऊन कुणाला वाचवलं तर मिळायचं हे."

"मग! कालव्याची गोष्ट आमच्या घरात पाळण्यापासून ऐकवतात. बर्फ फुटलं आणि आजोबांनी पोराला ओढून काढलं."

"स्वतः सांगायचे?"

"शब्द नाही. तसाच माणूस तो. उलट आम्हाला गोठलेल्या कालव्याच्या जवळ फिरकू द्यायचे नाहीत. स्वतः जन्मात स्केट्स बांधले नाहीत."

आमच्याकडे पोरं चालायच्या आधी बर्फावर घसरायला शिकतात. टोम्माच्या हातातली किटली तशीच राहिली. "ही पट्टी त्यांनी तुला दाखवली होती?"

"छे गं. ते गेल्यावर सापडली. ओक लाकडाच्या मोठ्या कपाटात, खालच्या खणामागे अडकलेली. आजीने ते कपाट दुसऱ्या युद्धाच्या काळात घेतलं, खानावळीच्या सभागृहात लिलाव झाला होता तेव्हा. मातीमोल भावात मिळालं म्हणायची."

त्याने हे चांगल्या सौद्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. टोम्माने माझ्याकडे पाहिलं, मी कपाकडे. गावातल्या ज्यूंना घराबाहेर काढून छळछावण्यांकडे धाडल्यावर त्यांचं सामान त्या सभागृहात विकलं गेलं होतं. आमच्या वयाच्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे आणि आमच्या वयाचा कुणीही ते बोलत नाही. घरात पदक सापडलं की ते आपल्याच आजोबांचं, असं आम्ही धरून चालतो. दुसरं काय धरून चालणार?

टोम्मा पंधरवडाभर जिल्ह्याच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळत बसली. मग तिने हाब्बोला बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. एकोणीसशे नऊच्या हिवाळ्यात गुरांचा तरुण ज्यू व्यापारी लेझर फाल्क याने बर्फावर पालथं पडून बुडणाऱ्या मुलाला बाहेर काढलं, म्हणून त्याला हे पदक मिळालं. मुलाचं नाव ओक्को आयलर्स, वय दहा.

"छापणाऱ्याने नावं उलटसुलट केली असतील," हाब्बो म्हणाला.

"दहा वर्षांच्या पोराने दांडग्या गड्याला ओढून काढलं?"

"क्रॉस आजोबांनाही मिळाला असेल. लढाईला गेलेच होते ते."

"मिळाला असेल. तो हा नाही. ही तिन्ही एकाच पट्टीवर शिवलीत."

"तुझं माझ्या आजोबांनी काय वाकडं केलं होतं, टोम्मा?"

त्याचा कप काठोकाठ भरलेला होता. त्याने चमचा त्यात उभा केला आणि निघून गेला.

त्यानंतर तो रस्त्यात भेटला तरी मोइन म्हणेना. परक्या गावात याला काही वाटणार नाही, पण आमच्याकडे जानी दुश्मनालाही मोइन म्हणतात. टोम्मा खंगली. एकदा मला म्हणाली, "मी गप्प बसले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

"कुणाचंच नाही," मी म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून.

"म्हणजे फाल्क कुणीच नव्हता?" तिने असं विचारलं की मला तोंड लपवावंसं वाटलं. माझ्या घरात भिंतीवर एक सुंदर घड्याळ आहे, आईकडून आलेलं. ते मी अजून उलटून पाहिलेलं नाही.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी हाब्बो आला. पट्टी रुमालात, आणि कोटाला भिंतीचा चुना.

"कपाट सरकवलं. मागच्या बाजूला रंगाने लिलावाचा आकडा आहे, हातभर मोठा. इतकी वर्षं तो भिंतीकडे तोंड करून होता." तो बसला. "आजोबांना ठाऊक होतं का गं, कपाट कुणाचं ते?"

"तुमच्या गोठ्यातल्या गाई फाल्कच आणायचा. गाव ते केवढंसं, हाब्बो."

टोम्माने मधल्या काळात फाल्कची नात शोधून काढली होती. एडिथ नावाची, अर्जेंटिनात राहणारी, आमच्याच वयाची. रविवारी फोन करायचं ठरलेलं होतं. हाब्बो म्हणाला, मी येतो. मंडळाच्या सभागृहात बँड वाजत होता आणि अध्यक्ष टोम्माच्या स्वयंपाकघरात बसला होता.

एडिथचा आवाज खणखणीत. ती आईकडून शिकलेली आमची जुनी बोली बोलत होती, जी आता इथेही कुणी बोलत नाही. मी फोनच्या जवळ होतो म्हणून मला ऐकू येत होतं. हाब्बोचे कान अधू, तो नुसता टोम्माचा चेहरा बघत होता.

एडिथ सांगत होती, "आई देश सोडून निघाली तेव्हा तिने आजोबांना खूप विनवलं, आमच्याबरोबर चला. ते हसले. म्हणाले, मला कोण हात लावतो? खणात तीन पदकं आहेत. आणि गावात माझा एक पोरगा आहे, बर्फातून काढलेला. तो काही होऊ देणार नाही." मग म्हणाली, "आई मरेपर्यंत त्या पोराबद्दल बोलायची. त्याचं पुढे काय झालं, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

टोम्माने फोनवर हात ठेवला. तिला मी इतकी म्हातारी झालेली कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणते?" हाब्बोने विचारलं.

टोम्माने एक शब्द न गाळता सगळं सांगितलं.

हाब्बोने ती केशरी फीत रुमालावर सरळ केली. मग म्हणाला, "सांग, म्हातारा होऊन गेला. अंथरुणात, नातवंडं भोवती होती." आणि रुमालाची गाठ बांधत, "विचार, कपाट कुठे पाठवू."

टोम्माने पहिलं सांगितलं. दुसरं विचारायच्या आत पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.