यशस्वी रुग्ण

सदर इसम नामे बिरजू, वय पंचेचाळीस, तेंदूपत्ता मजूर, राहणार भामरागडकडे, न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर; रक्ततपासणीच्या अभ्यासासाठी पात्र.

त्याचं रक्त रोज कुठं नेतात, हे बायकोनं, मंगलीनं, एकदा विचारलंच.

"नळी काढल्यावर हा स्वतः श्वास घेईल का, ते रक्तावरून आधी कळतं, बाई," डॉक्टर म्हणाले.

"अन् माहा माणूस घरी येईन का, तेबी कळते का जी?"

"तो वेगळा अभ्यास."

रक्तानं होकार दिला आणि नळी निघाली. बिरजू घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काऊन रडून राह्यली? मेलो नाई ना मी अजून." मंगली रडता रडता हसली.

नळीविना दोन दिवस काढले की अभ्यासाच्या नियमानं रुग्ण यशस्वी. बिरजूची तशी नोंद झाली.

तिसऱ्या दिवशी कफ अडकून तो वारला.