वाकड्या दातांचा सॅक्सोफोन

एकतीस वर्षं दुसऱ्यांचे दात करण्यात घालवलेल्या माणसाला गाण्यातलं काही कळावं, ही अपेक्षाच मुळात चुकीची. कवळीकाकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल. त्यावर प्लास्टरचे साचे, मेण कापायची सुरी, एक दिवा आणि दिवसभर किरकिरणारी घासायची मोटर. डॉक्टर पुढच्या खोलीत पेशंटच्या जबड्याचं माप घ्यायचे आणि माप तेवढं मागे यायचं. हजारो लोक काकांच्या दातांनी जेवत होते, हसत होते, भांडत होते, पण त्यातल्या दहाजणांचीसुद्धा तोंडं काकांनी पाहिली नव्हती.

म्हणून मास्तर थेट मागच्या खोलीत घुसले तेव्हा काका दचकलेच.

मास्तर म्हणजे बँडमास्तर. चाळीस वर्षं हॉटेलांत आणि नाचाच्या हॉलांत सॅक्सोफोन वाजवलेला माणूस. छातीत दम अजून भरपूर, पण वरचे दात एकूण एक गेलेले. त्यांनी काकांनीच केलेली कवळी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"दिसायला झकास आहे हो," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "आरशात बघितलं की हिरो वाटतो. पण वाजवायला घेतलं की दगा देते. माउथपीस, म्हणजे फुंकायचं टोक, वरच्या दातांनी धरावा लागतो. मी धरला रे धरला, की कवळी मागून सुटते आणि हवा फुस्स!"

"मग जरा हळू धरा की," काका म्हणाले.

मास्तरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की काकांना आपली जीभ कुठे ठेवावी ते कळेना.

"माझी लेक संगीत करते," मास्तर म्हणाले. "हाउस म्हणतात त्याला. मशीन आपलं ठोकत बसतं, धप् धप् धप् धप्, नुसती पिठाची गिरणी! पण त्यात तिला माझा सॅक्सोफोन हवाय. आठ महिने थांबलीय पोरगी. आता या रविवारी शेवटचं बघणार. नाही जमलं तर सोमवारी वाद्य शाळेला देऊन टाकणार. घरात मुकं पडलेलं बघवत नाही मला."

काकांनी टेबलावरची कवळी उचलून हातात फिरवली. कवळी आपली होती. म्हणजे चूकही आपली.

"तो तुमचा माउथपीस जरा आणून दाखवा बघू," ते म्हणाले.

संध्याकाळी माउथपीस आला. काळ्या कडक रबराचा, अंगठ्याएवढा. काकांनी तो दिव्याखाली धरला, भिंग लावलं आणि त्यांच्या तोंडून "अरे देवा!" निघालं. वरच्या बाजूला दोन खड्डे होते. चाळीस वर्षं एकाच माणसाचे दोन दात एकाच जागी टेकून टेकून पडलेले. उजवा खड्डा चांगला खोल. डावा उथळ, आणि चक्क तिरका.

तेव्हा काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. मास्तरांचे मूळचे दात वाकडे होते आणि आपण त्यांना सरळ, सारखे, मोत्यांसारखे दात करून दिले होते. कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? प्रत्येक तोंडाला तेच देखणे दात बसवायची सवयच लागली होती हाताला.

पुढचे चार दिवस ते त्या दोन खड्ड्यांच्या मागे लागले. मेणात दात बसवायचे, माउथपीस टेकवून बघायचा, काढायचे, पुन्हा बसवायचे. उजवा दात किंचित लांब ठेवला, डावा वळवला. सगळी ओळ केसभर आत घेतली, म्हणजे भार थेट हिरडीवर यावा. मागची कड घट्ट केली. दुपारी जेवतानासुद्धा माउथपीस ताटाशेजारी.

"अहो, आणि हा दात तिरका का?" बायकोनं कवळी बघून विचारलं. "एवढी वर्षं नाव राखलंत, ते आता घालवताय का?"

"तिरका आहे म्हणूनच बरोबर आहे," काका म्हणाले.

"बरोबर आहे म्हणे! तुमचंच डोकं तिरकं झालंय!"

रविवारी दुपारी काका आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कवळीच्या मागोमाग कुणाच्या तरी घरी गेले. लेकीची खोली एवढीशी. खिडकीला गादी टेकवून बाहेरचा आवाज बंद केलेला, दोन स्पीकर, एक माइक, कॉम्प्युटर आणि पायात येणाऱ्या वायरी. मास्तर कोपऱ्यात सॅक्सोफोन जोडत होते.

"काका, तुम्ही इकडे बसा," लेक म्हणाली. "काय काय आहे ते ऐकवते."

आधी तिनं नुसता ठोका लावला. धप् धप् धप् धप्. काकांना मास्तरांची गिरणी पटली. मग तिनं बास, म्हणजे खालचा जाड सूर, सोडला. "हे फंक," ती म्हणाली. हा बास ठोक्याच्या अलीकडे पलीकडे पाय टाकत चालला होता, लाडात आलेल्या माणसासारखा, आणि काकांचा गुडघा आपोआप हलायला लागला. काकांनी त्यावर हात ठेवला, तर हातही हलायला लागला. मग पियानो. "हे जॅझ. बाबांच्याच बँडमधून उचललंय." पियानोचे सूर धूसर होते, एकमेकांवर रेललेले. शेवटी एका बाईचा आवाज आला, "थांब जरा, थांब जरा," एवढंच म्हणणारा. "ही आत्या. हे सोल." मास्तरांची बहीण सत्तरीची होती, पण तिनं ते दोन शब्द असे काही म्हटले होते, की काकांना उगाचच आपल्या आईनं दारातून मारलेली हाक आठवली आणि डोळे भरून आले.

आणि खाली तेच मशीन, न थकता, सगळ्यांना अंगाखांद्यावर घेऊन चाललेलं. काका थक्क झाले. इतकी वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या वयांची, आणि एकाच्याही पायात दुसऱ्याचा पाय येत नव्हता!

मास्तर माइकसमोर उभे राहिले. नवी कवळी दाबून बसवली, माउथपीस तोंडात धरला. काकांनी श्वास रोखला. ते दोन दात त्या दोन खड्ड्यांत बरोब्बर टेकले आणि मास्तरांनी फुंकलं.

कवळी हलली नाही. हवा सुटली नाही. सूर आला, टिकला, वर चढला, वळला. काकांचा जीव भांड्यात पडला.

पण मास्तर मध्येच थांबले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हा माझा आवाज नाही," ते म्हणाले. "माझा लख्ख होता. हा घोगरा आहे, यात वारा आहे. सूर लागतोय, पण मी नाहीये त्यात." त्यांनी सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि पेटीची कडी लावली.

दात जुने करता आले, तोंड जुनं कुठून आणणार? "माफ करा, मास्तर," ते कसेबसे म्हणाले.

लेक कॉम्प्युटरकडे वळली. तिनं आत्ताच रेकॉर्ड झालेलं ते वाजवणं बाकी सगळ्याच्या आत ठेवलं आणि स्पीकर मोठे केले.

ठोका. बास. पियानो. मग आत्या म्हणाली, "थांब जरा," आणि तिच्या मागून तो घोगरा सॅक्सोफोन आला. त्यात वारा होता, दम होता, उतारवय होतं. आत्याच्या आवाजात होतं तेच. भाऊ बहिणीला उत्तर देत होता. बास त्याला खालून उचलत होता, पियानो जागा करून देत होता. लख्ख आवाज असता तर तो वेगळा उठून दिसला असता. हा त्यांच्यातलाच एक झाला होता. काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळात उभं राहिल्यासारखे ते हात जोडून उभे होते आणि त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मान हलायला लागली होती.

"कोण वाजवतोय गं हा?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, बाबा."

मास्तरांनी गालावरचं पाणी तळहातानं पुसून पेटीची कडी काढली.

"आधीचा माणूस चांगला वाजवायचा," ते म्हणाले, "पण तो एकटाच वाजवायचा. पुन्हा लाव."