भिंतीवरचं माझं नाव

भिंतीवर माझं नाव यावं म्हणून मी घरात भांडले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकिकत ऐकली की लोक मला उगाच साध्वी करून ठेवतात. मी साध्वी नव्हते, आजही नाही. मला नाव हवं होतं आणि ते मी मिळवलं होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचं माण गाव म्हणजे तेव्हा नुसती भाताची खाचरं. माझं सासर तिथलं, माहेर वर धरणाच्या अंगाला. दोन्हीकडं रीत एकच. नागपंचमीला ओटीची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायची आणि तिच्यावर कावेनं नागोबा काढायचा. नागोबाच्या भोवतीनं वेल, पाखरं, ज्या बाईला जे सुचेल ते. शिंदीची काडी चावून तिचा कुंचला करायचा. तांबडी काव, चुलीवरची काजळी आणि कपड्याची नीळ, एवढेच रंग. मग नवरात्रात घट बसायच्या आधी घर सारवायला काढलं की ती भिंतही पुन्हा पोतारायची. जिनं काढलं तिनंच पुसायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझा हात होईना, तेव्हा सासूबाईंनी मातीचं भांडं माझ्यापुढं सरकवलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. "काढलं त्याच हातानं पुसायचं," एवढंच त्या म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी रडत रडत पुसलं आणि पुढच्या पंचमीला काहीतरी वेगळंच काढलं.

अशा चार-पाच पंचम्या गेल्या असतील. मग एका वर्षी मोर उतरला. उतरला असंच म्हणते, कारण तो कसा आला ते मला कळलं नाही. पिसारा भिंतभर गेला आणि नागोबा बिचारा कोपऱ्यात राहिला.

त्याच महिन्यात भात लावायच्या जपानी पद्धतीचं सांगायला जीपमधून शेतकी खात्याचे एक साहेब आले. माझे थोरले दीर ग्रामपंचायतीत होते, त्यामुळं साहेबांचा चहा आमच्या ओटीवर. साहेबांनी कप हातात तसाच धरून मोर पाहिला, फोटो काढला आणि म्हणाले की अशी कला जपली पाहिजे. झालं. दिरांनी सुताराला बोलावून मोराभोवती सागवानी पट्ट्या ठोकल्या. मग रंगारी आला आणि पट्टीच्या वर तांबड्या ऑइल पेंटनं आमच्या घराण्याचं नाव लिहून गेला. त्या वर्षी भिंत पुसली नाही. आत्याबाई थोरल्या लेकापुढं काही बोलल्या नाहीत.

मोर माझा आणि नाव घराण्याचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात चाल नव्हती. ते समोर आले की पदर सावरून आत जायचं. त्यांना काही सांगायचं तर आत्याबाईंना सांगायचं, त्यांनाही मला काही सांगायचं तर तसंच. ते ओटीवर, मी चुलीपाशी, मधे आत्याबाई. दोघांचं दोघांना स्वच्छ ऐकू यायचं, तरी निरोप जायचा. असं हे भांडण चाललं. नवरा खडकीला कारखान्यात कामाला होता, आठवड्यानं घरी यायचा, त्यानं अंग काढून घेतलं. शेवटी मी मोर बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा चहा बंद केला. तेव्हा रंगारी पुन्हा आला आणि घराण्याच्या नावाखाली, थोड्या बारीक अक्षरात, माझं नाव लिहून गेला.

किती आनंद झाला म्हणून सांगू! पाणी भरायला जाताना बघायची, येताना बघायची. चौथी शिकलेली बाई मी, स्वतःचं नाव एवढं मोठं कधी वाचलं नव्हतं.

पुढची पंचमी आली. भिंत अडलेली, म्हणून मला पाट दिला आणि नागोबा पाटावर काढ म्हणून सांगितलं. काढला. गावातल्या बायका मात्र भिंती काढायला मला आपापल्या घरी न्यायला लागल्या. सगळ्यांना मोर हवा, आणि तो आमच्या ओटीवर आहे तस्साच. मी काढत सुटले. एकीकडं मी म्हैस काढायला घेतली तर घरची बाई म्हणाली की तुमच्या हाताला मोरच शोभतो. मी म्हैस पुसून मोर काढला. म्हैस बिघडली असती तर माझ्या नावाचं काय, हा विचार माझ्या डोक्यात आला होता.

मग गौरीच्या दिवसांत एका घरी काढता काढता पिसाऱ्याची एक ओळ मला आठवेना. मी हातातली काडी ठेवली, घरी आले, ओटीवर उभी राहून माझाच मोर नीट बघून घेतला आणि परत जाऊन तसाच काढला. त्या घरच्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मला मात्र स्वतःची शिसारी आली. परीक्षेत दुसऱ्याची पाटी बघून लिहितात, मी माझीच पाटी बघून लिहीत होते. अशीच मी म्हातारी होणार, एका मोराची राखण करत, हे मला लख्ख दिसलं.

घट बसायच्या आधी घर सारवायला काढलं. मी पांढरी माती कालवली आणि सरळ ओटीवर गेले. मोराच्या डोळ्यापासून सुरुवात केली, कारण तो माझ्याकडं बघत होता. चार वेळा हात फिरवला नसेल तेवढ्यात पिसारा गेला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण हात थांबला नाही.

दीर शेतावरून आले ते दारातच थबकले.

"आये, तिला इचार, ह्ये काय केलं?"

आत्याबाई आतून ओटीवर आल्या.

"दसऱ्याला सायेब यायचं हायेत. तिला सांग, हाय तसा मोर परत काढायचा. येतंय की तिला. नाव लिवलंय वर."

मी आत गेले नाही. पदरही सावरला नाही, हात मातीनं भरले होते.

"मला न्हाई येत, भावजी," मी त्यांच्याकडं बघून म्हणाले.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आमच्यात समोरासमोर झालेलं हे पहिलं बोलणं. ते गडबडले. उत्तर त्यांनी आत्याबाईंकडं बघूनच दिलं. "तिला सांग, गावात हसं हुईल."

"हसू द्या. मला न्हाई येत."

खरंच येत नव्हतं. तो मोर कसा आला ते मला पहिल्या दिवशीही ठाऊक नव्हतं, आणि मी वर्षभर येतं म्हणून मिरवत होते.

मग मी वर पाहिलं. ओल्या भिंतीवर माझं नाव चकाकत होतं. त्यावरून मातीचा बोळा फिरवला, तरी अक्षरं पुन्हा जशीच्या तशी. आतून खुरपं आणलं, स्टूल घेतलं आणि खरवडायला लागले. ऑइल पेंट असा सुटत नाही, भिंतीचा गिलावा घेऊन येतो. एकेका अक्षराला घाम निघाला. स्टूल डुगडुगत होतं. थोड्या वेळानं ते डुगडुगायचं थांबलं, तेव्हा खाली पाहिलं तर आत्याबाईंनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

घराण्याचं नाव मी तसंच ठेवलं. ते पुसायचा हक्क माझा नव्हता.

दसऱ्याला साहेब आले. सागवानी पट्ट्यांच्या मधे कोरी भिंत, वर घराण्याचं नाव आणि नावाखाली खड्डे. चहा पिऊन ते भाताबद्दल बोलले आणि गेले. दुसऱ्या दिवशी दिरांनी पट्ट्या स्वतःच उपटल्या. माझ्याशी ते कितीतरी महिने बोलले नाहीत, आत्याबाईंमार्फतसुद्धा.

पुढच्या पंचमीला मी पुन्हा भिंतीपुढं बसले. मोर काढायचा नाही एवढंच ठरलं होतं. भाताच्या आवणीला, चिखलात रोपं लावायला वाकलेल्या बाया काढायला घेतल्या. आजवर त्या कुणी काढलेल्या पाहिल्या नव्हत्या, मग बघून काढायची सोयच नव्हती. पाठी वाकल्या, पण पाय कुठून काढायचे ते समजेना. शेजारीण मागं उभी राहून बराच वेळ बघत होती.

"यंदा काय जमलं न्हाई, बाई," ती म्हणाली.

"व्हय, न्हाई जमलं," मी म्हणाले, आणि काडी पुन्हा कावेत बुडवली.