सरस्वतीबाईंची जागल

बद्रीनाथचा फोन आला तेव्हा सरस्वतीबाई चारा छावणीत म्हशीपुढं उसाचं वाढं टाकत होत्या. दोन हजार एकोणीसचा उन्हाळा. बीड जिल्ह्यातल्या कड्याच्या आसपासच्या गावांत विहिरी कधीच आटल्या होत्या, आणि सोसायटीनं माळावर छावणी उघडली म्हणून जनावरं दावणीला तरी दिसत होती. निम्मं गाव त्या शेडनेटच्या सावलीत राहायला आलं होतं.

"माय, औंदा तुमी यायचंच," बद्रीनाथ म्हणत होता. "आठवड्याच्या मधल्या वारी खोल्या रिकाम्याच असत्यात. कामावरच्या मानसांच्या आई-बापाला दोन दिवस ठेवून घेत्यात. खानंपिनं सगळं त्यांच्याकडं."

त्या "पिनं" शब्दाशी सरस्वतीबाईंचा हात थांबला.

पोरगा नाशिककडं, गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षाच्या बागेतल्या एका मोठ्या हॉटेलात सुपरवायझर होता. हॉटेल म्हणजे नुसतं राहायचं नव्हे. तिथंच द्राक्षं, तिथंच वाईन करायचा कारखाना आणि तिथंच ती पाजायची जागा. पुण्या-मुंबईची माणसं त्यासाठीच गाड्या करून यायची. दोन वर्षं बद्रीनाथ बोलवत होता आणि दोन वर्षं सरस्वतीबाई काही ना काही निमित्त काढत होत्या. म्हैस व्यायला झाली, भावकीत लग्न आहे, गुडघा धरलाय. या वेळी निमित्तही उरलं नव्हतं. जनावरं बघायला दीर राधाकिशन छावणीत होताच.

आणि बबनरावच म्हणाले, "जाऊ की. पोराचं काम तरी बघू कसं हाय ते."

नवऱ्याला तिथं न्यायला त्या का भीत होत्या, हे गावात चार जुन्या माणसांनाच ठाऊक होतं. बबनराव साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गाळप चालू असेतोवर माणूस सोन्यासारखा. पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की हातात काम नाही आणि मग संध्याकाळची पावलं आपोआप नाक्यावरच्या दुकानाकडं. असल्याच एका उन्हाळ्यात ते बद्रीनाथला डोळे दाखवायला बीडला घेऊन गेले. पोरगं तेव्हा दुसरीत. परतताना त्याला स्टँडवरच्या बाकड्यावर बसवलं, "आलोच" म्हणाले आणि गेले. संध्याकाळच्या गाडीनं एकटेच घरी आले. दारात सरस्वतीबाईंनी विचारलं, "लेकरू कुठंय?" बबनराव त्यांच्याकडं नुसते बघत राहिले. त्यांना आठवतच नव्हतं.

राधाकिशननं गावातली जीप काढली. पोरगं सापडलं. स्टँडच्या कँटीनमधल्या एका बाईनं त्याला पोहे खाऊ घालून स्वतःच्या लेकरांत निजवलं होतं. पण गाडीतल्या त्या दोन-तीन तासांत सरस्वतीबाईंच्या आत जे बसलं ते बसलंच. बबनराव दुसऱ्याच दिवशी गहिनीनाथ गडावर गेले, माळ घालून आले, आणि त्यानंतर कधी थेंबाला शिवले नाहीत.

शिवले नाहीत, हे सगळं गाव सांगायचं. सरस्वतीबाई मात्र जाग्याच. नवरा बाहेरून आला की पाण्याचा तांब्या हातात देताना त्या जरा जवळ सरकायच्या आणि श्वास ओढून घ्यायच्या. धुवायच्या आधी सदऱ्याचे खिसे चाचपायच्या. माहेरी गेल्या तर दिवसाच्या दिवसात माघारी. हे त्यांनी कधी कुणापाशी बोलून दाखवलं नाही, बबनरावांपाशी तर नाहीच.

तर अशी ही दोघं कड्याहून नगर आणि नगरहून नाशिक अशी एसटीनं गेली. बद्रीनाथ स्टँडवर गाडी घेऊन आला होता. काळी पॅन्ट, पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. बापाला तो दादा म्हणायचा. "दादा, पिशवी द्या इकडं," म्हणत त्यानं पिशवी घेतली, आणि बबनराव वाटभर पोराकडंच बघत राहिले.

हॉटेल बघून सरस्वतीबाई गाडीतून उतरल्या तशा जागीच उभ्या राहिल्या. टेकडीच्या उतारावर द्राक्षाच्या ओळीच ओळी, नुकतीच छाटणी होऊन पोपटी फुटवे आलेल्या. त्यांच्या पलीकडं धरणाचं पाणी. एवढं पाणी एका ठिकाणी त्यांनी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. खोलीला एका बाजूनं भिंतच नव्हती, सगळी काच. पलंग असा रुंद की छावणीतलं एक अख्खं घर त्याच्यावर निजलं असतं. बद्रीनाथनं गार हवेचं यंत्र लावून दिलं, नळ कुठं फिरवला की ऊन पाणी येतं ते दाखवलं आणि, "माझी ड्युटी हाय, संध्याकाळी येतो," म्हणून गेला.

तो गेल्यावर सरस्वतीबाईंना ती दिसली. टेबलावर फळांच्या परडीशेजारी, लांब मानेची, काळपट लाल बाटली. गळ्यात चिठ्ठी बांधलेली.

बबनराव काचेपाशी पाठमोरे उभे राहून बाग न्याहाळत होते. सरस्वतीबाईंनी आवाज न करता बाटली उचलली, आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि पिशवीच्या तळाशी दडपली. वर नवऱ्याची धोतरं ठेवली. मग पलंगाच्या काठावर बसून त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"कावून घाम आलाय?" बबनरावांनी मागं वळून विचारलं.

"गाडीत लई उकडलं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये तेच. शेजारच्या टेबलांवर ग्लास भरत होते, रिते होत होते. बद्रीनाथनं आई-बापासाठी मुद्दाम पिठलं-भाकरी करवून घेतली होती, पण सरस्वतीबाई भाकरीचा तुकडा नुसता कुस्करत होत्या. त्यांची नजर नवऱ्याच्या नजरेमागं फिरत होती. बबनराव खाली मान घालून जेवले, एकदाही इकडंतिकडं बघितलं नाही, आणि त्या न बघण्याचंच सरस्वतीबाईंना जास्त भ्याव वाटलं. ती रात्र त्यांनी पलंगाजवळच्या एका छोट्या कपाटाला टेकून, पिशवीकडं तोंड करून काढली.

सकाळी बद्रीनाथ आला तो हौसेनं भरून. "चल माय, तुला आमचा भटारखाना दाखवतो. एकावेळी तीनशे मानसांचा सैपाक होतो बघ."

"दादाला बी घे."

"माझा गुडघा दुखतोय," बबनराव म्हणाले. "तुमी जाऊन या."

पोराचा चेहरा बघून सरस्वतीबाईंना नाही म्हणवेना. त्या गेल्या. मोठमोठ्या शेगड्या पाहिल्या, कणीक मळायचं यंत्र पाहिलं, आचाऱ्यानं हातावर ठेवलेली बर्फी तोंडात टाकली, पण चव काही कळली नाही. पाऊण तासातच "मला चक्कर आल्यासारखं होतंय" म्हणून निघाल्या. बद्रीनाथला कुणीतरी हाक मारली म्हणून त्या एकट्याच खोलीकडं आल्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. पिशवीची चेन उघडी, धोतरं बाजूला काढलेली, आणि पलंगावर जुनं लुगडं मोकळं पडलेलं.

सरस्वतीबाईंनी पायांत चप्पल सरकवली की नाही हे त्यांना पुढंही आठवलं नाही. त्या बागेच्या वाटेनं धावत सुटल्या. एक माळी ठिबकच्या नळ्या तपासत होता. "अरे बाबा, पांढऱ्या टोपीचं मानूस दिसलं का? धोतरातलं?"

"बद्रीभाऊंचे वडील ना? मला विचारलं त्यांनी, बाटल्या कुठं ठेवतात. खाली तळघराकडं गेले."

तळघर म्हणजे वाईन पाजायची तीच जागा. लाकडाची मोठाली पिंपं, थंडगार अंधार आणि दाराशी चाखून बघायचं लांब टेबल. भिंतीचा आधार घेत त्या पायऱ्या उतरल्या. आतून नवऱ्याचा आवाज आला, तशा त्या शेवटच्या पायरीवरच थांबल्या.

बबनराव टेबलासमोर उभे होते. पलीकडं हॉटेलच्या मॅनेजर मॅडम. मध्ये ती बाटली. बूच जसंच्या तसं.

"बाई, ही तुमची वस्तू. आमच्या खोलीत आलती, म्हून आनून दिली."

"काका, ती भेट असते सगळ्या पाहुण्यांना," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला आवडत नसेल तर राहू द्या."

"आवडत न्हाई असं कसं म्हनू? लई आवडायची. त्याचंच तर भ्याव हाय."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी पिनारा मानूस हाय, बाई. सोडली त्याला लई वर्सं झाली. पर ही काल खोलीत आली तवापासनं मला दिसतीया. आमच्या कारभारनीनं ती लुगड्यात दडवली, तरीबी दिसतीया. तिला झोप न्हाई, मला न्हाई. तवा म्हनलं, आपन होऊनच सांगावं. एका खोलीत आमी दोघं न्हाई राहू शकत. एक तर ही, न्हाई तर मी."

मॅडमनी बाटली उचलून मागच्या फळीवर ठेवली. "बरं केलंत सांगितलंत. मी आत्ताच माणूस पाठवते. खोलीतल्या फ्रीजमध्ये दोन लहान आहेत, त्याही काढून घेतो."

"आँ?" बबनराव म्हणाले. "आनखी दोन?"

पायरीवरून सरस्वतीबाईंच्या तोंडातून असा काही आवाज निघाला की दोघांनी वळून पाहिलं. पलंगाजवळचं ते छोटं कपाट म्हणजेच फ्रीज, आणि त्यालाच टेकून तर त्या रात्रभर राखण करत बसल्या होत्या! त्यांना आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदमच. पदर तोंडाला लावून त्या तिथंच पायरीवर बसल्या.

तेवढ्यात बद्रीनाथ धावत आला. माळ्यानं त्याला सांगितलं होतं. बाप, बाटली आणि रडणारी आई बघून त्याचा चेहरा उतरला. "माय, मी काढाय सांगितलतं गं. काल सकाळच्या पाळीवाल्यानं परत ठेवली, माज्या ध्यानात आलं न्हाई." मग मॅडमकडं बघून तो गप्प झाला.

"ठावं झालंय त्यास्नी," बबनराव म्हणाले. "मीच सांगितलं. तुला लाज वाटत आसंल तर वाटू दे, पर आता लपवाछपवी न्हाई."

बद्रीनाथनं मान हलवली. "लाज कशाची, दादा," एवढंच तो म्हणाला आणि बापाचा हात धरून पायऱ्या चढू लागला. बबनरावांचा गुडघा खरंच दुखत होता.

वर बागेच्या बांधावर एका कडुलिंबाखाली बाकडं होतं. पोरगा कामावर गेला आणि दोघं तिथं टेकली.

"तुमाला ठावं होतं मी दडवली ते?"

"काचंत दिसलं की सगळं." बबनराव हसले. "अगं, तू इतकी वर्सं माजं तोंड हुंगतीस, ते मला कळत न्हाई व्हय?"

सरस्वतीबाई कानापर्यंत लाल झाल्या. "मग कधी बोलला न्हाईत ते?"

"कशाला बोलू? बरं वाटायचं. वाटायचं, आपल्यावानी आनखी एक मानूस जागं हाय."

सरस्वतीबाईंना वाटायचं, नवरा सगळं विसरून निवांत झालाय आणि राखण करायची ती एकट्या आपणच. तो बिचारा रोज आपली आपण राखण करत होता. कड्याला जाताना नाक्यावरनं न जाता मागच्या गाडीवाटेनं का जातो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. वाटायचं, जवळची वाट असेल.

"आन् आज कावून काढली भाईर?"

"तू न्हवतीस. बसून राहिलो आसतो तर काय झालं आसतं, मला सांगता येत न्हाई. म्हून उठलो."

"वाटंत हात थरथरला का?"

"थरथरला तर. पर भ्याव तिचं न्हवतं. फुटली तर पोराच्या पगारातून कापतील, ह्याचं होतं."

आता मात्र सरस्वतीबाई खळखळून हसल्या. खोलीत परत आल्या तेव्हा फ्रीजमध्ये फक्त पाणी आणि लिंबाचं सरबत होतं. त्यांनी पडदे ओढले, त्या रुंद पलंगाच्या मधोमध आडव्या झाल्या, आणि भर दुपारी अशा झोपल्या की बद्रीनाथ दोनदा चहा घेऊन आला आणि दोनदा तसाच गेला. बबनराव बाहेर ओट्यावर बसून आल्यागेल्याला हातानं खुणावत होते, हळू, हळू. दिवस कलला तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मला लई भूक लागलीया." त्या रात्री हॉलमध्ये त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर आइस्क्रीम मागितलं, आणि शेजारच्या टेबलावर कोण काय पितंय याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं गावाकडं परतली. दुष्काळ होता तिथंच होता. टँकर येईपर्यंत रांगेत घागरी तशाच, छावणीतली धूळ तशीच. पण जनावरं जगली, आणि पाऊस उशिरा का होईना आला.

त्या दिवाळीनंतर गावातल्या बायकांनी मिळून दूध संस्था काढली. छावणीत सगळ्यांच्या जनावरांची उठबस जिनं केली ती सरस्वतीबाईच अध्यक्ष हवी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. अध्यक्ष व्हायचं तर संस्थेचा कारभार शिकायला बीडला जायचं आणि तिथंच मुक्काम करायचा. सरस्वतीबाईंनी घरी येऊन नुसतं सांगितलं, "मी चार दिवस बीडला जानार हाय," आणि बबनराव म्हणाले, "जा की."

बीडला त्या बहिणीकडं, छबुबाईकडं उतरल्या. लग्न झाल्यापासून मोठी बहीण आपल्याकडं मुक्कामाला राहिल्याचं छबुबाईंना आठवत नव्हतं. दिवेलागणीला त्यांनी आपणहून फोन पुढं केला. "घे अक्का, भाऊजींना लाव. जेवले का इचार."

"कशाला?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांना कळतंय. तू पान वाढ बरं आधी, आन् जरा ठेचा आसंल तर घे."