ओल्या केसांचा फोटो

आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर एका तरुणाचा फोटो आहे. पांढरा शर्ट, हातात नेमणुकीचं पत्र आणि केस ओले. देणगीदार आले की त्याच्यासमोर हमखास थांबतात. केस ओले का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

डोंगरातली मुलं आणायची, तीन महिने वायरिंग शिकवायचं आणि नोकरीला लावायचं, हे संस्थेचं काम. सोबत ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असतो, तो माझ्याकडे. नखं कापा, भांग पाडा, नजरेला नजर द्या. मी म्हसावदच्या शेतकऱ्याच्या घरचा. सातपुडा रोज दिसायचा, म्हणून तो मला कळतो, असं मी खुशाल धरून चाललो होतो.

हा मुलगा काठी गावाच्या वरच्या पाड्यावरचा, वायरिंगमध्ये पहिला. धाकट्या बहिणीला सिकलसेल, रक्ताचा आजार. तिच्यासाठी त्याने होळीचा नवस केला होता. अंगाला राख फासून, कमरेला भोपळे बांधून नाचायचं. आणि नवस फिटेपर्यंत खाटेवर, खुर्चीवर बसायचं नाही, अंगाला पाणी लावायचं नाही.

नेमकी त्याच दिवसांत गुजरातच्या एका कंपनीची माणसं मुलाखतीला आली. निरोप मिळताच तो डोंगर उतरून आला. अनवाणी, केसांत राख. खुर्ची दिली तर जमिनीवर बसला.

माझं डोकंच फिरलं. तीन महिने मी काय पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो? म्हटलं, “आधी नळावर जाऊन आंघोळ कर.”

स्वयंपाकाच्या मावशी कोरीट गावच्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. “सर, त्याना नवस शे. त्याले पानी लावू नका.”

“नवसवर नोकरी भेटस का, मावशी?” मी हसलो.

“सर, होळी झाल्यावर, चार दिवसांनी आलो तर?” त्याने विचारलं.

“कंपनी तुझ्यासाठी थांबणार आहे?”

तो नळाखाली बसला. साबण मीच दिला. मुलाखत झाली, निवड झाली, पत्र मिळालं, लगेच फोटो निघाला. मी घरी पेढे नेले.

त्या होळीला तो नाचला नाही. नवस मोडलेल्याने कसं नाचायचं? पावसाळ्यात बहीण गेली.

ती आजाराने गेली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण हे मला कळून काय उपयोग? नोकरी सोडून तो पाड्यावर परतला. मी भेटायला गेलो, खरं तर शिव्या खायलाच गेलो. त्याच्या आईने माझ्यासाठी खाट टाकली, पाणी दिलं. तो खाली जमिनीवर बसला.

“वर बस ना,” मी म्हणालो.

“नको सर. आता असंच.”

परत आल्यावर मी तो फोटो उतरवायला सांगितलं. संस्थेचे साहेब म्हणाले, “अहो, आपला सगळ्यात चांगला फोटो आहे तो.” फोटो भिंतीवरच राहिला. मलाही घर चालवायचं आहे.

परवा नवी तुकडी आली. नखांचा धडा चालू होता. पहिल्या रांगेतल्या मुलीने भिंतीकडे बोट केलं. “सर, याचे केस ओले का?”

“मुलाखत होती,” मी म्हणालो, “आंघोळ करून आला होता.”