लायल टेश्केचे सहा पट्टे

लायल टेश्केला मी चाळीस वर्षं ओळखते, आणि त्यातली निम्मी तरी वर्षं मी त्याच्यावर चिडलेली आहे. आमच्या हिकरी बेंड ट्रॅकवर क्लबची नावनोंदणी माझ्याकडे असते. शनिवारी सकाळी सात वाजता घडीच्या टेबलामागे बसायचं, लोकांच्या सह्या घ्यायच्या आणि मनगटाला कागदी पट्टी चिकटवायची. तिथून वीस पावलांवर लायल गाड्या तपासतो. आठवडाभर ज्या गाडीतून माणसं कामावर जातात, दूध-अंडी आणतात, तीच गाडी शनिवारी ट्रॅकवर जीव खाऊन पळवायची, हा आमचा छंद. विस्कॉन्सिनात हिवाळा एवढा लांब असतो की उन्हाळ्यात माणसं असं काहीबाही करणारच.

लायलने जन्मभर शेतकऱ्यांची मळणीयंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झाला आणि उरलेली सगळी हुशारी त्याने सुरक्षेच्या पट्ट्यांवर ओतली. गाड्या तपासून झाल्या की तो नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांना ट्रॅक शिकवतो, बावीस वर्षं झाली. त्याचा एकच नियम, आणि तो त्यानेच भांडून क्लबच्या नियमावलीत घालायला लावलेला: चालवणाऱ्याला जसे पट्टे, तसेच शेजारच्याला. एकाला जास्त, एकाला कमी चालणार नाही.

मागे एक दातांचा डॉक्टर आला होता. स्वतःच्या सीटला चार पट्ट्यांचा नवाकोरा लाल हार्नेस, आणि शेजारी कंपनीचा साधा पट्टा. लायलने खिडकीतून आत डोकं घातलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे गाडी उलटली की तू घरी जेवायला जाणार, आणि मी कुठे?"

डॉक्टर हसला. लायल हसला नाही. पुढे अर्धा तास त्याने त्या बिचाऱ्याला पार्किंगमध्ये उभं करून समजावलं की चार पट्टे म्हणजे धोक्याला आमंत्रण. धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि माणूस खालून सरकून निसटतो. मांड्यांमधून जाणारे आणखी दोन हवेत, म्हणजे एकूण सहा. डॉक्टर त्या दिवशी चकरा न मारताच घरी गेला. मला वाटतं, आता तो गोल्फ खेळतो.

हे असं लोकांना सुनावणारा माणूस, त्याच्या स्वतःच्या गाडीत काय होतं? काही नाही. दोन दारांची जुनी जपानी गाडी, कंपनीने दिले तेच पट्टे. ती तो एकटाच पळवायचा आणि म्हणायचा, साधे तर साधे, पण दोन्हीकडे सारखे आहेत. नियमात बसतं, मग बोलायची सोय नाही.

आता आर्डिसबद्दल सांगते. आर्डिस म्हणजे लायलची बायको आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. बावीस वर्षं ती दर शनिवारी रात्रीच्या जेवणाला त्या ट्रॅकची वळणं ऐकत आलेली. विशेषतः आठवं वळण, ज्याला सगळे 'गोठा' म्हणतात. गोठ्याला ब्रेक कधी मारला, गोठ्याला कोण घसरलं, गोठ्यापाशी गाडी कशी हलकी होते. तिने कधी ऐकायचा कंटाळा केला नाही आणि कधी यायचा हट्टही केला नाही. शनिवारी तिचं चर्चचं स्वयंपाकघर असायचं.

तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचं निघालं. नजरेच्या बरोबर मधोमध धूसर डाग, आणि तो वाढत जाणारा. कडेचं दिसायचं, समोरचं जायला लागलं. मॅडिसनच्या डॉक्टरांनी सांगितलं की इलाजाने वेग कमी होईल, थांबणार नाही. त्या शुक्रवारी आम्ही तिघं मासे खायला गेलो होतो. आर्डिसने मान किंचित वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून लायलकडे पाहिलं आणि म्हणाली, "आहे तोवर एकदा मला तो गोठा दाखव."

लायलने मासा खाली ठेवला. दाखवतो म्हणाला. फक्त आधी पट्टे नीट निवडू दे म्हणाला.

इथेच मी त्याच्या डोक्यात बटाट्याचं ताट घालायला हवं होतं.

पहिलं वर्ष निवडण्यात गेलं. खांद्याचे पट्टे मागे किती उतरते असावेत हे मोजायला त्याने मुलीच्या शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला आणि तो वर्षभर खिशात घेऊन फिरला. रुंद पट्टे की अरुंद, बकल फिरवायचं की दाबायचं, यावर तो पोस्टात उभा राहूनही बोलायचा. शेवटी सहा पट्ट्यांचा हार्नेस ठरला, एक नाही, दोन, नियम त्याचाच. मग त्याच्या लक्षात आलं, म्हणजे त्याला आधीपासून माहीत होतंच, की हार्नेस माणसाला सीटला ताठ धरून ठेवतो. गाडी उलटून टप खाली दबलं तर साध्या पट्ट्यात माणूस वाकतो तरी. इथे वाकायची सोय नाही, सगळा भार मानेवर. म्हणून टप पेलून धरायला सीटमागे लोखंडी कमान हवी. दुसरं वर्ष कमानीचं.

कमान बसली, तर जुन्या सीटना पट्टे ओवायला भोकं नाहीत. म्हणून भोकांच्या नव्या खोलगट सीटा आल्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या कडा असलेल्या. शरीर एवढं घट्ट बांधल्यावर धडकेत डोकं एकटंच पुढे फेकलं जाणार, म्हणून हेल्मेटला अडकवायची मानेची पट्टी, तीही दोघांना. एकातून एक निघत गेलं आणि प्रत्येक गोष्ट बरोबर होती, हीच तर पंचाईत. कुठे बोट ठेवून भांडावं असं तो माणूस काही करतच नव्हता. मी आर्डिसला म्हटलं, अगं, हा मुद्दाम टाळतोय. ती म्हणाली, टाळत नाहीये, घाबरलाय. मला त्यात फारसा फरक वाटला नाही.

तिसऱ्या वसंतात मॅडिसनचे डॉक्टर आर्डिसला म्हणाले, दिवसाउजेडी, घराजवळ चालवा, पण ऑक्टोबरनंतर गाडी बंद. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, लायल जाहीर करून मोकळा झाला की गाडी तयार आहे.

त्या दिवशी आर्डिस निळं जाकीट घालून आली होती. तिच्याच व्हॅनने आली. तिची व्हॅन ती लायलच्या हातात कधी देत नसे. शिक्षकांना पाहुणे घेऊन जायला अकराची फेरी असते. मी टेबल सोडून बघायला गेले. तिला त्या खोलगट सीटमध्ये बसवायलाच दहा मिनिटं लागली, कारण एक खुबा बदललेला. मग लायलने एकेक पट्टा ओढला, प्रत्येक दोनदा, तपासणीला ओढतो तसा. कोनमापकही लावला. हेल्मेट चढवलं, मानेची पट्टी अडकवली, मागे सरकून पाहिलं. मी त्याला एवढं समाधानी कधी पाहिलं नव्हतं.

मग हेल्मेटमधून आवाज आला. "लायल, मला काहीच दिसत नाहीये."

त्याला वाटलं हेल्मेटची काच. काच वर केली. तसं नव्हतं. तिला दिसायचं ते मान वळवून, कडेने. इथे मान धरून ठेवलेली, दोन्ही बाजूंना सीटचे पंख. उरलं होतं फक्त समोरचं, आणि समोर तिला डाग होता. तीन वर्षं खपून त्याने जगातली सगळ्यात सुरक्षित जागा तयार केली होती, आणि त्या जागेतून त्याच्या बायकोला तेवढं एकच दिसत नव्हतं, जे बघायला ती आली होती.

लायलचा हात मानेच्या पट्टीच्या खटक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. पट्टी काढली तर हार्नेस चालत नाही, हाही नियम कोणी लिहून घेतला ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आजूबाजूचे लोक आपापल्या टायरमध्ये हवा किती आहे ते बघायला लागले. मला त्याचा एवढा राग आला होता, आणि त्याचा चेहरा बघून तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

आर्डिसनेच बकल फिरवलं. सहाच्या सहा पट्टे एकदम सुटले. बकल त्याने खरंच चांगलं निवडलं होतं. "मला बाहेर काढ," ती म्हणाली. "आणि जेवणाच्या सुट्टीत काय असतं ते सांग."

जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे कुणालाही आपली गाडी घेऊन ट्रॅकवर जाता येतं. पुढे क्लबची गाडी, वेग गावातल्या रस्त्याएवढा, हेल्मेट नको, काही नको. आयाबाया आजोबांना घेऊन फिरतात. लायल त्याला गाय चारायला नेणं म्हणायचा. बारा वाजता आर्डिस आपल्या व्हॅनमध्ये चालकाच्या जागी बसली आणि लायलला शेजारी बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

"दोन्हीकडे कंपनीचे पट्टे आहेत," ती म्हणाली. "सारखे आहेत की नाही ते बघून घे."

त्याने पाहिलं. खरंच पाहिलं, ओढून. मग बसला. मी मागच्या सीटवर चढले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

आर्डिस मान तिरकी करून चालवत होती, पुढच्या गाडीची उजवी कड धरून. बावीस वर्षं परक्यांना शिकवणारा लायल पहिल्या दोन वळणांवर दाराची कडी धरून बसला. तिसऱ्यावर तो हळूच म्हणाला, आता डावीकडे बघ. तिने बघितलं. आता सोड, रुंद जाऊ दे. तिने जाऊ दिलं. जेवणाच्या टेबलावर ती वळणं तिने इतक्यांदा ऐकली होती की पुढचं वळण कुठलं हे त्याच्या आधी तीच सांगत होती.

आठव्याला तिने वेग कमी केला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने बाजूच्या खिडकीकडे मान वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून नीट, सावकाश पाहिलं. उतारावर एक जुना गोठा होता, पत्रा गंजलेला, एक दार लोंबतंय.

"हाच?"

"हाच," लायल म्हणाला.

"ह्याला रंग द्यायला हवा," आर्डिस म्हणाली आणि पुढे निघाली. लायल हसायला लागला, आणि मग त्याला हसू थांबवता येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

परत येऊन तिने व्हॅन सरळ लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. लायलने ती घेतली नाही. ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे तुझी, असं काहीतरी पुटपुटला.

"ती डॉक्टरांची तारीख," ती म्हणाली. "माझी आज आहे. घरी तू चालव."

तो उतरला, वळसा घालून तिच्या बाजूला आला, तिला हात देऊन उतरवलं आणि शेजारच्या सीटवर बसवलं. तिचा पट्टा त्याने स्वतः लावला आणि सवयीने दोनदा ओढला. घट्ट होतोय का, त्याने विचारलं. होत होता, मला मागून दिसत होतं. आर्डिस म्हणाली, राहू दे.