पॉझचं बटण
दत्तप्रसाद करंदीकर दुबईत एसी बसवणाऱ्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळायचे आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, करामा भागातल्या मराठी घरांत सत्यनारायण सांगायचे. सांगायची खरं तर पुण्याहून आणलेली कॅसेट. हे मधेमधे ती थांबवायला लावून 'आता फुलं वाहा' म्हणायचे. ब्याण्णव साली तिथे भटजी मिळायची मारामार, म्हणून लोक यांनाच गुरुजी म्हणू लागले आणि हेही ओ देऊ लागले. पॉझचं बटण त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीकडे, शुभ्राकडे असे. मुलगी भलतीच हुशार आहे, हे ते भेटेल त्याला सांगत.

त्या शुक्रवारी पूजा सुलक्षणावहिनींकडे होती. त्यांचे यजमान जगन्नाथ समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला. मागच्या वर्षी त्यांना निरोप द्यायला वहिनी कुणाच्या तरी पूजेतून प्रसाद न घेताच धावल्या, आणि त्याच फेरीत मशीनमध्ये जगन्नाथांची दोन बोटं गेली. दत्तप्रसाद हॉस्पिटलात भेटायला गेले. "वहिनी, त्या दिवशी प्रसाद राहिला ना," असं सहज बोलून आले. तेव्हापासून वहिनी दर महिन्याला पूजा घालत. दत्तप्रसादांना त्यांच्या भक्तीचं फार कौतुक होतं.

चौथा अध्याय आला. नवरा परतल्याचं ऐकून कलावती प्रसाद न घेता धावली, देव कोपला, नवऱ्यासकट नाव बुडाली. शुभ्राने बटण दाबलं.

"इथे फुलं नाहीत गं," दत्तप्रसाद म्हणाले.

"आय नो. प्रसाद ती विसरली. देन व्हाय हिम, बाबा?"

"देवाला असले प्रश्न विचारत नाहीत."

"आय ॲम आस्किंग यू. यू आर द गुरुजी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दत्तप्रसादांचे कान तापले. "यल्ला, चल, लाव ती कॅसेट!"

"थांबा भावजी." सुलक्षणावहिनींनी रिवाजाप्रमाणे शेजारी पूजेला बसलेल्या नवऱ्याच्या हाताला हात लावला होता. दोन बोटं नसलेल्या त्या हाताकडेच त्या बघत होत्या. "सांगा ना. त्याची काय चूक होती?"

"काही नाही."

"आणि तिची?"

दत्तप्रसादांना हॉस्पिटलातलं आपलं वाक्य आठवलं. कॅसेट तर बंद होती.

"तिचीही नाही, वहिनी," ते म्हणाले. "मी उगाच बोललो होतो तेव्हा."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. वर्षभराचं रडू होतं, त्याला जरा वेळ लागला. जगन्नाथांनी हात हलू दिला नाही.

"ओके. खलास," म्हणत शुभ्राने बटण सोडलं.

कॅसेटमधले गुरुजी कलावतीलाच दोष देत राहिले. दत्तप्रसादांनी हात लांब करून आवाज बारीक केला.